तीसच्या पुढची मोजणी

या ग्रुपवर मी दोन वर्षं आहे. आतापर्यंत एक शब्द लिहिला नाही, नुसतं वाचलं... आणि खोटं कशाला बोलू, हसायला वाचलं. पांढऱ्या साडीतली बाई, मागून येणारी पावलं, "वळून बघतो तर कोणीच नाही" – बायकोला वाचून दाखवायचो आणि दोघं खिदळायचो. आम्ही बौद्ध, मूळचे परभणीकडचे. वडिलांनी आयुष्यात अंगारा-धुपारा दारात येऊ दिला नाही. कोणी म्हणालं झपाटलंय, तर ते विचारायचे, डॉक्टरकडे नेलं का? मीही त्याच वळणाचा. त्यामुळे आज हे लिहिताना मला जरा लाजच वाटतेय. तरी लिहितोय, कारण बायको म्हणाली, "इतरांचं वाचून हसलास ना, आता तुझं लिही."

मी प्लाझ्मा कटिंग मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर आहे. राहायला भाईंदर पूर्वेला, इंद्रलोकला. ज्यांना हे मशीन माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलावर जाड लोखंडी प्लेट ठेवतात, वर एक टॉर्च फिरते आणि तिच्या तोंडातून इतकी गरम ज्योत निघते की लोखंड वितळून आरपार भोक पडतं. आता ती टॉर्च स्वतः तांब्याची. मग ती का वितळत नाही? कारण तिच्या आतून सतत कूलंट फिरत असतं. आम्ही सगळे त्याला पाणीच म्हणतो. पाणी फिरायचं कमी झालं की मशीनला ते कळतं, ते एरर दाखवून बंद पडतं. आणि मध्येच बंद पडलं की अर्धवट कापलेली प्लेट भंगारात.

गोष्ट मागच्या वर्षीच्या मे महिन्यातली. मंगळवार, दुपारी दीडची वेळ. गोडदेवच्या बाजूला एक इंडस्ट्रियल इस्टेट आहे, तिथे तळमजल्यावर भावेशभाईंचा गाळा. आत शिरलं की डावीकडे कटिंग टेबल. उजव्या भिंतीशी मशीनचा पॉवर सोर्स, म्हणजे कपाटाएवढा लोखंडी डबा. त्याच्यातच पाण्याची टाकी आणि पंप. डबा आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम एक माणूस आडवा शिरेल एवढी फट. गाळ्याच्या टोकाला लोखंडी जिना आणि वर भावेशभाईंची काचेची केबिन.

मशीनवर ऑपरेटर होते विश्राम काका. रत्नागिरीचे, वय छप्पन्न-सत्तावन्न. भावेशभाईंकडे बावीस वर्षं. आधी हातात गॅसकटर घेऊन कापायचे, नंतर हे कॉम्प्युटरवालं मशीन आलं तर तेही शिकले. पण बोलायचे फार. एक नट खोलेपर्यंत त्यांच्या गावच्या तीन भानगडी ऐकून व्हायच्या, आणि मला कामाच्या वेळी बडबड अजिबात चालत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे करणार होतो त्यात याचाही थोडा वाटा होता.

तर तीन महिन्यांपासून तक्रार अशी – मशीन मध्येच थांबतंय, 'कूलंट फ्लो कमी' अशी एरर येतेय. पण फक्त काकांच्या हाताखाली. सकाळचा दुसरा ऑपरेटर छोटे-छोटे तुकडे कापायचा, त्याला काही त्रास नाही. काका लांब कट लावायचे आणि मशीन बसायचं. मी दोनदा जाऊन आलो होतो. फिल्टर बघितला, पंप बघितला, टॉर्चचे पाइप कुठे मुडपलेत का ते बघितलं, टेस्ट म्हणून छोटे कट मारून बघितले. सगळं ठणठणीत. मी गेलो की तासाभरात काकांचा फोन... "प्रशांत, परत थांबला रे."

यावेळी भावेशभाईंनी मला इस्टेटच्या गेटवरच गाठलं.

"देखो, आज लिखके दे दो," ते म्हणाले. "मशीन में फॉल्ट है कि आदमी में. मशीन में है तो बनाओ. आदमी में है तो मैं उसको छुट्टी देता हूँ. नया लड़का मैंने देख के रखा है."

म्हणजे माझ्या रिपोर्टवर काकांचं काम राहणार की जाणार, हे ठरणार होतं. त्या वयाच्या माणसाला दुसरीकडे कोण उभं करतं? हे मला कळत होतं. आणि तरीही – आता खरं सांगायलाच बसलोय तर सांगतो – गेटवरून गाळ्यापर्यंत चालताना मी मोबाइलमध्ये रिपोर्ट अर्धा भरूनही टाकला होता. 'मशीन ओके. ऑपरेटरकडून टॉर्चच्या पाइपची अयोग्य हाताळणी.' हे वाक्य आमच्या फॉर्ममध्ये तयारच असतं. नुसतं बोट लावायचं.

फक्त बादली टेस्ट राहिली होती. तिच्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही.

बादली टेस्ट म्हणजे साधी गोष्ट. टॉर्चकडून परत येणारं पाणी टाकीत पडू द्यायच्या ऐवजी त्याचा पाइप काढून बादलीत सोडायचा आणि तीस सेकंदांत किती भरतं ते मोजायचं. दोन लिटर भरलं तर पास. असं तीनदा करायचं. याला दोन माणसं लागतात. मी डब्याच्या मागे, त्या फटीत, एका हातात पाइप आणि दुसऱ्या हातात तिरकी धरलेली बादली. मोबाइल बघायला हात कुठला? आणि पंपाचं बटण पुढच्या बाजूला. म्हणून पुढे ऑपरेटर उभा राहतो, तो पंप चालू करतो, मोठ्याने सेकंद मोजतो, तीस झाले की "बस" म्हणतो आणि पंप बंद करतो. मागच्याने पाइप सोडायचा नाही. सोडला तर पाणी सगळं मशीनच्या आतल्या वायरिंगवर.

गाळ्यातले बाकीचे दोघं कामगार जेवायला बाहेर गेले होते. गाळ्यात मी आणि काका, वर केबिनमध्ये भावेशभाई.

पहिल्या वेळी काकांनी मोजलं. "एक, दोन, तीन..." तीसला "बस" आणि पंप बंद. सव्वादोन लिटर. पास. बादलीतलं पाणी टाकीत परत ओतलं.

"काय निघालं?" काकांनी पुढून विचारलं.

"पास आहे, काका."

पुढून नुसतं "बरं" ऐकू आलं. एरवी इतकं बोलणारा माणूस, आणि तेव्हा एवढंच. पास म्हणजे मशीन चांगलं, आणि मशीन चांगलं म्हणजे काय, हे त्यांना न कळण्याइतके ते भोळे नव्हते.

"चला, दुसरी! चालू करा!" मी ओरडलो. पंप चालू झाला. एक-दोन क्षण गेले आणि मोजणी सुरू झाली.

पहिला शब्द मला 'लाव' असा ऐकू आला. लाव म्हणजे पाइप बादलीला लाव. मी लावला. मग लगेच, "दोन... तीन... चार..." मनात म्हटलं, काकांनी 'एक' खाल्ला, चला, एक सेकंद वजा धरू. आवाज जरा बसलेला होता, काहीसा लांबून येणारा. पण मी फटीत होतो, कानाशी पंप, वर एक्झॉस्ट फॅन. काकांचा घसा सुकला असेल असं वाटलं. त्या परिस्थितीत कोणाचाही सुकेल.

"...अठ्ठावीस... एकोणतीस... तीस... एकतीस..."

"अहो काका, बस! झाले तीस!"

"...तेहतीस... चौतीस..."

मी दोनदा ओरडलो. तिसऱ्यांदा जे ओरडलो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मोजणी आपली चालूच, ना घाई ना थांबा. मला पाइप सोडता येईना, पंप बंद करता येईना. बादली मोठी होती, रंगाची वीस लिटरची, म्हणून भरून सांडायची भीती नव्हती, पण हात भरून आला. मला वाटलं म्हातारा रागावलाय. आपली नोकरी जाणार हे कळलंय, म्हणून मला मुद्दाम अडकवून ठेवलंय. साठ झाले, सत्तर झाले. ऐंशीच्या पुढे मी ओरडायचं सोडून दिलं आणि गुपचूप पाइपाच्या तोंडाकडे बघत बसलो.

"...अठ्ठ्याण्णव... नव्व्याण्णव... शंभर..."

आणि मग एकशे एक यायला हवं, तिथे परत तेच. "लाव."

त्याच सेकंदाला पाण्याची धार बारीक झाली. करंगळीएवढी, मग सुतळीएवढी, मग नुसते थेंब. पंपाचा आवाज बदलला, कोरडा घरघरायला लागला. पुढे बझर वाजला आणि मशीन आपोआप बंद पडलं. 'कूलंट फ्लो कमी.' तीन महिने जी एरर माझ्यासमोर एकदाही आली नव्हती, ती आली.

मी पाइप बांधून फटीतून बाहेर आलो. समोर कोणी नाही. वर केबिनचं दार उघडलं आणि विश्राम काका जिन्यावरून खाली आले. एक हात कठड्यावर ठेवून, हळूहळू.

"तुम्ही कुठे गेला होतात?" मी जवळजवळ अंगावरच गेलो. "मोजत होतात ना?"

"कसला मोजतोय? पंप चालू केला आणि शेठने वरून हाक मारली. मी तुला ओरडून सांगितला ना, थांब म्हणून." मग दुसरीकडे बघत म्हणाले, "उद्यापासून नको येऊ बोलले. रिपोर्ट आला की हिशोब करतो, बोलले."

त्या क्षणी मोजणी कोणी केली हा विचार करायला मला सवड नव्हती. टाकी उघडली. बादलीत गेल्यानंतरही निम्म्याहून जास्त पाणी टाकीत होतं, म्हणजे पाणी संपलं म्हणून धार तुटली असं नाही. मोबाइलचा उजेड पाडून आत बघितलं तर काही दिसेना. सगळं पाणी काढलं, हात घातला, आणि तळाशी बोटांना काहीतरी पातळ लागलं.

चंदेरी पन्नीची गोल चकती. कूलंटच्या नव्या कॅनच्या तोंडावर चिकटवलेली असते ना, ती. पंप चालू झाला की ती पाण्याबरोबर फिरत-फिरत मिनिट-दीड मिनिटाने पंपाच्या पाइपाच्या तोंडाशी जायची आणि झाकणासारखी बसायची. पंप थांबला की सुटून परत तळाशी. या मॉडेलमध्ये कटिंग थांबलं की थोड्या वेळाने पंपही थांबतो. त्यामुळे छोट्या तुकड्यांना काही व्हायचं नाही. काकांच्या लांब कटलाच ती तोंडाशी पोचायची. तीस सेकंदांच्या टेस्टमध्ये ती जन्मात सापडली नसती.

आता चकती टाकीत आली कशी? सील सोलून काढायचं असतं. पण ते कोण सोलत बसतो? आमच्या लाइनमध्ये स्क्रू-ड्रायव्हर घ्यायचा, सीलमध्ये खुपसायचा, गोल फिरवायचा, चकती आत पडली तर पडली. टाकीच्या तोंडाला जाळी असते, पण तिच्यातून पाणी हळू जातं, म्हणून ओतताना आम्ही तीही काढतो. तीन महिन्यांपूर्वी या मशीनचं पाणी बदललं गेलं होतं. टाकीवरच्या स्टिकरवर सही होती. माझी.

खरं तर तक्रार तेव्हापासूनच सुरू झाली होती. माझी ट्यूब पहिल्याच दिवशी पेटायला हवी होती. पण स्वतःकडे बोट कोण दाखवतो...

मी वर गेलो. भावेशभाईंसमोर ती ओली चकती ठेवली आणि सांगितलं.

"मतलब आपकी गलती?"

"हो. मेरी."

"और इसका कुछ नहीं?"

"कुछ नहीं. काका का कुछ भी नहीं."

त्यांनी चकती उलटसुलट करून बघितली. मग फोन उचलून त्या नव्या माणसाला येऊ नको म्हणून सांगितलं. मला गुजरातीत काय बोलले ते मी समजून घेतलं नाही, आणि तेच बरं झालं.

खाली काकांना सांगितलं तेव्हा वाटलं, हात-बित धरतील, डोळ्यांत पाणी येईल. तसलं काही नाही. चिडले ते. अंगावर धावून यायचेच बाकी राहिले.

"तीन महिने, प्रशांत! तीन महिने मला वाटतंय का माझा हात गेला. घरी बायकोला सांगितला, आता मला काम जमत नाय. डोळे तपासून आलो मी, ठाव हाय? आणि तू सील फोडून आत टाकलंस?"

मी मान खाली घालून ऐकून घेतलं. दुसरं काय करणार?

त्यांचा राग उतरल्यावर, चहा पिताना त्यांनीच विचारलं, "पन तू तीसला का नाय थांबलास?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. त्यांनी आधी चेष्टा समजून हात झटकला. मग मी भावेशभाईंना कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावायला सांगितलं. दारावर एक कॅमेरा आहे, आवाज येत नाही, नुसतं चित्र. त्यात स्पष्ट दिसतं – काका बटण दाबतात, वर बघतात, मागे वळून काहीतरी ओरडतात आणि जिना चढून केबिनमध्ये जातात. मग नुसता रिकामा गाळा. डब्यामागून बाहेर आलेले माझे पाय. दारातून कोणी आत येत नाही. दीड मिनिटाच्या वर असंच. आणि त्या रिकाम्या गाळ्यात माझ्या उजव्या पायाचा बूट ठेका धरल्यासारखा हलतोय, मोजणीच्या तालावर. मी घड्याळ लावून बघितलं. दर सेकंदाला एकदा.

"काय मोजत होता म्हणालास? परत सांग," काका म्हणाले.

"लाव, दोन, तीन, चार..."

काकांनी कप खाली ठेवला. "लाव नाय रे. लाभ."

"म्हणजे?"

"भात मोजताना पयल्या मापाला एक नाय बोलत. लाभ बोलायचा. लाभ, दोन, तीन. शंभर झाले का बाजूला खूण करायची आणि परत लाभ. माझा आजा असाच मोजायचा."

मग काका स्वतःशीच म्हणाले, "पन तो हितं कशाला येल? त्याला भाईंदर कुठं म्हाईत होता."

मला हसू आलं, त्यांनाही आलं. त्या दिवसातलं पहिलं.

नंतर मी माझ्या परीने शोध घेतला. इस्टेटचा वॉचमन गोडदेव गावातलाच, वयस्कर. तो म्हणाला, "हितं आमचं खलं व्हतं. भात झोडायचो हितं. आता काय न्हाय." ऐकायला छान वाटतं. पण भाईंदर पूर्वेला बिल्डिंगांच्या आधी शेत कुठे नव्हतं? मग निम्म्या गाळ्यांमध्ये रोज मोजणी ऐकू यायला हवी. इस्टेटमधल्या एकाने मला कानाच्या डॉक्टरकडे जायचा सल्ला दिला. गेलो. कान उत्तम.

मला सगळ्यात पटणारं कारण हे की मीच मनात मोजत होतो आणि मला तो आवाज बाहेरून आल्यासारखा वाटला. फटीत उकाडा होता, पोटात अन्न नव्हतं. पण मग मी 'एक' म्हणालो असतो. लाभ हा शब्द मोजायला वापरतात हे मला ठाऊकच नव्हतं. आईला विचारलं. ती म्हणाली, "आपल्याकडंही म्हणायचे की. पण तू तर इथं जन्मलास, तुझ्यासमोर कुणी धान्य मोजलं नाही. आपण किलोनं आणतो." आणि समजा शब्द कुठूनतरी लहानपणी कानावर पडला असेल... तरी मी तीसला थांबलो असतो. अकरा वर्षं मी तीसलाच थांबत आलोय. पुढे मोजायचं मला काहीच कारण नव्हतं. रिपोर्ट तर भरून तयार होता.

त्यानंतर त्या गाळ्यात मी चार-पाच वेळा गेलो. त्या फटीत शिरलो, मुद्दाम कोणालाही पुढे उभं न करता पंप चालू ठेवून थांबलो. पंपाशिवाय काही ऐकू आलं नाही. काका व्यवस्थित काम करताहेत. बोलतात तेवढंच, मी आता ऐकतो.

कोण मोजत होतं, मला माहीत नाही. इथल्या जाणकारांनी उपाय, तोडगा सुचवू नये ही विनंती, मला तसली भीती वाटत नाही. मला त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. एका रविवारी मी माझे जुने रिपोर्ट उघडून बसलो. 'मशीन ओके. ऑपरेटरकडून अयोग्य हाताळणी' – अशी सात माणसं निघाली. एकेका ठिकाणी फोन लावतोय. वसईच्या एका गाळ्यात त्या ऑपरेटरचं नाव सांगितलं, तर पलीकडचा म्हणाला, "वो? उसको तो तभी निकाल दिया था. मशीन बाद में भी वैसे ही रुकता था." आता तो कुठे असतो, हे त्याला ठाऊक नव्हतं.

तिथेही मी बादली धरून बसलो होतो. तिथे मोजणारा तीसला थांबला, आणि मीही.